शेवई, कुरडई आणि चिनी सूप

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी एस.टी. स्टँडच्या आसपास एक फेरी मारली, तर लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली एखादी गाडी दिसल्यावाचून राहत नाही. मुलांना हा पदार्थ भलताच आवडतो. तो घरी करता येईल का, असे ती विचारतात आणि आई बहुधा बाजारातले पाकीट आणून प्रश्न मिटवते. आमच्या घरी मात्र नववीतल्या एका मुलीने थोडा निराळा प्रश्न विचारला : "नूडल्स मैद्याच्याच का? ज्वारीच्या का नाहीत?"

ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी खाल्ली गेली, तिथे हा प्रश्न यावा हे योग्यच आहे. उत्तर आम्हांला माहीत आहे असे वाटले होते. पण नुसते सांगण्यापेक्षा करून दाखवू, म्हणून आम्ही ज्वारीचे पीठ थंड पाण्यात मळले, सोऱ्यात भरले आणि उकळत्या सूपवर धरून दाबले. दोन मिनिटांत सगळ्याची आंबील झाली! मग मुळापासून विचार करणे भाग पडले.

नूडल म्हणजे पिठाचा एक लांब, बारीक धागा. त्याच्याकडून आपली अपेक्षा मोठी चमत्कारिक आहे. तो उकळत्या पाण्यात शिजावा, पाणी शोषून मऊ व्हावा, पण विरघळू नये, चिकटू नये आणि तुटू नये. पिठाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग स्टार्चचा असतो. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात आणि फुटतात. गव्हाच्या स्टार्चच्या बाबतीत ही क्रिया ६० अंश सेल्सियसच्या सुमारास होते, ज्वारीच्या बाबतीत ७० अंशांच्या आसपास. फुटलेला स्टार्च म्हणजे खळ. मग धागा टिकतो कशाच्या जोरावर?

गव्हापुरते उत्तर एका सोप्या प्रयोगातून मिळते आणि तो कोणत्याही वर्गात करता येतो. शंभर ग्रॅम मैदा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावा. नंतर गोळा पातळ फडक्यात धरून पाण्याखाली हळूहळू चोळत धुवावा. आधी दुधासारखे पांढरे पाणी येते, मग ते निवळत जाते. शेवटी हातात उरतो तो करड्या रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा गोळा. ओला असताना त्याचे वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम भरते. हे ग्लुटेन. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी या वैद्याने हाच प्रयोग करून त्याचे वर्णन १७४५ साली प्रसिद्ध केले. 'प्राणिज' वाटणारा पदार्थ धान्यात सापडला, याचे त्या काळी मोठे नवल वाटले होते.

ग्लुटेनमध्ये मुख्यतः दोन प्रकारची प्रथिने असतात. ग्लुटेनिनमुळे कणीक ताणल्यावर मागे येते, तर ग्लायडिनमुळे ती पसरते. पाणी मिळाले आणि मळले की या रेणूंचे एकमेकांत गुंतलेले जाळे तयार होते. स्टार्चचे कण त्यात माशांसारखे अडकून बसतात. उकळताना ते फुगतात, पण जाळ्याबाहेर सहसा पडत नाहीत. कणीक 'मुरू' देण्याचे कारणही हेच. मुरताना पाणी सर्वत्र पोचते, ताणलेले जाळे सैलावते आणि मग पोळी लाटताना मागे आखडत नाही. आपल्याकडच्या पाटावरच्या शेवया याच जाळ्यावर उभ्या आहेत. गहू ओलवून दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचे, घट्ट मळून मुरवायचे आणि हाताने धागा लांबवत न्यायचा, ही रीत आणि चीनमधल्या लानचौ शहरातल्या हाताने ओढलेल्या नूडल्सची रीत मुळात एकच. काडीवर गुंडाळून केलेले आपले सरगुंडेही त्याच कुळातले.

लानचौच्या नूडल्समध्ये आणखी एक गोष्ट पडते. वाळवंटी भागातल्या एका झुडपाची राख तिथे परंपरेने कणकेत मिसळत. राखेत कार्बोनेट क्षार असतात. आम्लारीमुळे ग्लुटेनचे जाळे घट्ट आणि चिवट होते. शिवाय गव्हातली फ्लेव्होन नावाची बिनरंगी द्रव्ये पिवळी होतात. नूडल्सचा तो पिवळा रंग अंड्याचाच असतो असे नाही! आपल्याकडे पापडाला लागणारा सज्जीखारही पूर्वी खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख करूनच मिळवत. दोन देशांतल्या गृहिणींनी एकच रसायन हेरले, याची गंमत वाटते.

पापडखार नसला तर खाण्याचा सोडा लोखंडी तव्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजावा. सोडियम बायकार्बोनेटमधून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात व सोडियम कार्बोनेट उरते. भाजण्याआधी आणि नंतर वजन करायला मुलांना सांगावे. विघटन पूर्ण झाले तर १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरायला हवेत. समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी तराजूने ते सांगितलेले बरे. एक काळजी मात्र घ्यावी : ही पूड डोळ्यांत जाऊ देऊ नये, ओल्या हाताने चोळू नये आणि जर्मनच्या भांड्यात ठेवू नये, आम्लारी ॲल्युमिनियमला खाते. आणि हौसेने कणकेत हळद घालू नये. आम्ही घातली होती. कुंकू कसे तयार होते हे मुलांना आयते समजले, पण लालभडक नूडल्स खायला कोणी तयार होईना.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांसाठी ३०० ग्रॅम मैदा घ्यावा. निम्मी चाळलेली कणीक घेतली तरी चालते, धागा थोडा कमी ताणतो इतकेच. ३ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम भाजलेला सोडा सुमारे १३५ मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्याने पीठ मळावे. गोळा फार घट्ट वाटेल, तरी पाणी वाढवू नये. तासभर झाकून ठेवावा म्हणजे नरम येतो. मग पातळ लाटून, पीठ भुरभुरून, घड्या घालून सुरीने बारीक कापावे. जाडी शक्य तितकी सारखी ठेवावी. पाणी बाहेरून आत झिरपत जाते आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटरच्या नूडलला लागतो त्याच्या चौपट वेळ दोन मिलिमीटरच्या नूडलला लागेल. कुठे जाड, कुठे बारीक झाले की निम्मे कच्चे आणि निम्मे गिच्च, ठरलेलेच.

नूडल्स सूपमध्ये न शिजवता वेगळ्या, भरपूर पाण्यात उकळाव्यात. वरचे सुटे पीठ आणि निसटलेला स्टार्च त्या पाण्यात जातो, सूप नितळ राहते. आपल्या वरणफळांत नेमके उलटे करतो. कणकेचे तुकडे वरणातच सोडतो, कारण तिथे सुटणारा स्टार्च आपल्याला हवाच असतो. त्यानेच वरण दाट होते. दोन-तीन मिनिटांत नूडल्स निथळून घ्याव्यात. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे, तेव्हा आपल्याकडे पाणी सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. फरक किरकोळ आहे, पण मुलांना तापमापी लावून बघू द्यायला हरकत नाही.

सूपसाठी कांदा, लसूण, आले आणि टोमॅटो तेलावर परतून भरपूर पाण्यात अर्धा तास उकळावे आणि गाळून घ्यावे. सामिष चालत असेल तर कोंबडीची हाडे घालून जास्त वेळ. सोया सॉसचा चमचा शेवटी. या सूपला जी मांसल चव येते ती ग्लुटामेटची. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सुपातून ते वेगळे काढले. टोमॅटोत ते मुळातच असते. सोया सॉसमध्ये बुरशी आणि जिवाणू सोयाबीन-गव्हातील प्रथिने तोडतात तेव्हा ते मोकळे होते. आपल्या जिल्ह्यातले शेत पावसाळ्यात सोयाबीनने भरलेले असते, आणि तरी सॉसची बाटली आपण कुठून तरी लांबून आणतो. असो. वरून सांबार (म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर) चिरून घातला की झाले.

पण मुलीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. ज्वारीत प्रथिने कमी असतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्यांचे प्रमाण साधारण दहा टक्के, म्हणजे गव्हाच्या जवळपासच असते. मात्र ज्वारीचे मुख्य प्रथिन, काफिरिन, सूक्ष्म गोलकांत बंद असते आणि पाण्याशी फटकून वागते. कितीही मळले तरी जाळे होत नाही. म्हणून तर भाकरीचे पीठ गरम पाण्यात भिजवतात. उकडीत थोडा स्टार्च फुटतो आणि चिकटपणाचे काम तोच करतो.

इथे दुसरा मार्ग दिसतो आणि तो प्रत्येक वऱ्हाडी घराच्या अंगणात उन्हाळ्यात वाळत पडलेला असतो. कुरडई! गहू तीन दिवस भिजवून, वाटून आपण त्याचा चीक काढतो. ग्लुटेन आणि कोंडा चोथ्यात जातो, चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. मघाच्या प्रयोगात धुऊन गेलेले पांढरे पाणी ते हेच. चीक शिजवला, सोऱ्यातून पाडला, वाळवला की धागा टिकतो, जाळे नसतानाही. कारण फुटलेल्या स्टार्चमधले अमायलोजचे लांब रेणू थंड होताना पुन्हा शेजारी शेजारी येऊन घट्ट बसतात. शिळी भाकरी कडक होते तीही मुख्यतः याच कारणाने. कुरडई भिजवून तिची भाजी करतात, तेव्हा ती विरघळते का? नाही. चीनमधल्या मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स आणि कोकणातले तांदळाचे शिरवाळे याच तत्त्वावर होतात.

चीनमध्ये पिवळ्या नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया या जागी पालथ्या पडलेल्या एका वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्या. २००५ साली 'नेचर' या साप्ताहिकात त्याची बातमी आली. त्या धाग्यांची लांबी ५० सेंटिमीटरहून अधिक, जाडी सुमारे ३ मिलिमीटर, आणि धान्य गहू नव्हे तर राळा आणि त्याच्या जातीचे दुसरे भरड धान्य. ग्लुटेन नसलेल्या पिठाचा एवढा धागा ओढता येणे अशक्य, अशी शंका काहींनी घेतली. २०१४ साली चिनी संशोधकांनी पिठाची उकड काढून, ती दाबयंत्रातून पाडून तसे धागे करून दाखवले. म्हणजे ओढून नव्हे, सोऱ्याने.

आमची पहिली चूक आता स्पष्ट झाली. धागा आधी करून मग शिजवायचा नव्हता. आधी शिजवून मग धागा पाडायचा होता. दुसऱ्या खेपेला एक वाटी ज्वारीच्या पिठात एक वाटी उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवले, मळले, चपटे गोळे करून पंधरा मिनिटे वाफवले. ते गरम असतानाच पुन्हा मळून शेवेच्या चकतीतून पाडले, पाच मिनिटे वाफ दिली आणि ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवले. सकाळी धागे कडक झाले होते. गरम सूपमध्ये मिनिटभरच टाकले. बोटभर लांबीचे बहुतेक तुकडे शाबूत राहिले, थोडे तुटले. मैद्यासारखे ते ओढून खाता येत नाहीत, चमच्याने खावे लागतात. चव मात्र भाकरीची.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने दुसरी वाटी मागितली आणि विचारले, बाजरीचे पीठ लवकर कडू होते, मग त्याच्या नूडल्स वाळवून ठेवल्या तर त्याही कडू होतील का? आम्ही वाळवण घातले आहे. एक ताट उकड काढून केलेले, दुसऱ्यात तसेच बाजरीचे पीठ. आठवड्याने दोन्ही चाखून बघायचे आहे.