गटाची वेबसाईट : सातबारा आपल्याच नावावर हवा



हळद, गूळ, बेदाणा असा माल आता पुष्कळ गट थेट गिऱ्हाइकाला विकतात. लांबचे गिऱ्हाईक आधी मोबाईलवर आपले नाव शोधते. तिथे आपली वेबसाईट असली, तर माल, भाव आणि पत्ता त्याला एका जागी सापडतो. गटातल्या शिकलेल्या मुलामुलींना ती ‘वर्डप्रेस’वर स्वतः उभी करता येते. २००३ साली निघालेली ही प्रणाली फुकट आहे व मराठीतही चालते. तिच्यात मजकूर एकीकडे आणि रूप दुसरीकडे राहते. घराला रंग दुसरा दिला म्हणून कणगीतले धान्य बदलत नाही, तसेच हे.

१) नाव व जागा : वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून घ्यावे लागते. मजकूर ठेवण्याच्या जागेला, म्हणजे होस्टिंगला, वेगळे भाडे पडते. दोन्ही गटाच्या नावावर आणि गटाच्याच ईमेलवर घ्यावीत. करून देणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यावर नोंदवले, तर उद्या वाद झाल्यावर जमीन आपण कसली तरी सातबारा त्याचा, अशी गत होते. मुदत चुकली तर नाव दुसराही घेऊ शकतो.

२) मांडणी : बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे वर्डप्रेस एका बटणाने बसते. लगेच सेटिंगमध्ये भाषा मराठी व वेळ कोलकात्याची निवडा. पानांच्या पत्त्यांची पद्धतही तेव्हाच ठरवा. मागाहून बदलली तर लोकांना दिलेले पत्ते बिघडू शकतात.

३) रूप : रूपाला ‘थीम’ म्हणतात. ती मोबाईलवर कशी दिसते ते पाहूनच निवडा. रंग, बोधचिन्ह, मथळा हे सेटिंगमधूनच बदलता येतात. थीमच्या मूळ फाईलीत हात घालू नका. थीमची नवी आवृत्ती आली की केलेले बदल पुसले जातात. तेवढीच गरज असेल तर ‘चाइल्ड थीम’ करून बदल तिच्यात करावेत.

४) मजकूर : कायमची माहिती ‘पेज’वर घाला : आमचा गट, आमचा माल, संपर्क. ‘नवी हळद आली’ यासारखी ताजी खबर ‘पोस्ट’मध्ये द्या. फोटो लहान करूनच चढवा, नाहीतर पान उघडायला वेळ लागतो.

५) प्लगिन : ही जोड-अवजारे होत. ऑनलाईन ऑर्डर घ्यायची असेल तर ‘वूकॉमर्स’ लावा. फोनवर भागत असेल तर नंबर पुरे. वापरात नसलेले प्लगिन काढून टाका.

६) राखण : विकतची थीम कोणी चोरून फुकट देत असेल तर घेऊ नका. बोगस बियाण्यासारखेच ते. आत घातक कोड दडलेला असू शकतो. वर्डप्रेस, थीम, प्लगिन वेळच्या वेळी अद्ययावत करा. सगळ्याची प्रत, म्हणजे बॅकअप, होस्टिंगच्या बाहेर दुसरीकडे ठेवा. पासवर्ड लांब ठेवा आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला वेगळे खाते द्या.

वेबसाईट आधीच करून घेतली असेल, तर पुढच्या बैठकीत चार गोष्टी वहीत लिहून घ्या : नाव कोणाच्या खात्यावर आहे, मुदत कधी संपते, मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे, शेवटचा बॅकअप कधी घेतला. एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर आधी ते काम उरका, नवे रंग मागाहून.