लॅपटॉपवर चहा सांडला तर

नारायणगावाहून खोडदच्या वाटेला लागले की शेतांच्या पलीकडे मोठमोठ्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. ही आपली जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. अशा ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मधोमध आहेत; उरलेल्या १६ तीन ओळींत दूरवर पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, येथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि गावोगावच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग घेऊन येतात.

आता समजा, अशाच एका शाळेतले गुरुजी प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉपवर शेवटचा हात फिरवीत बसले आहेत. शाळेत लॅपटॉप एकच. मुलांच्या प्रयोगाची चित्रे त्यात, वर्षभराचे गुणही त्यातच. कोणाचा तरी धक्का लागतो आणि चहाचा पेला थेट अक्षरांच्या पाटीवर, म्हणजे कीबोर्डवर, आडवा होतो. एकजण म्हणतो, "अहो, पुसा लवकर!" दुसरा म्हणतो, "चालू आहे ना अजून? मग काही झालं नाही!"

या दुसऱ्याचे ऐकू नका. तो चालू आहे, हाच खरा धोका आहे.

विहिरीवरच्या मोटारीत पाणी गेले तर आपण आधी काय करतो? मेन स्विच काढतो. येथेही तेच करावे. लॅपटॉपला जोडलेली चार्जरची वायर काढा. मग चालू-बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे यंत्र पुरते बंद होईल. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढून ठेवा. त्यानंतर लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा उलटा करा, कीबोर्ड खालच्या अंगाला येईल असा, आणि खाली कोरडे फडके अंथरा. आत गेलेले पाणी आले त्या वाटेनेच बाहेर पडू द्यावे.

पण पाण्याने बिघडते काय? नुसते पाणी विजेला फारशी वाट देत नाही. वाट देतात ते त्यात विरघळलेले क्षार. बोअरच्या जड पाण्यात ते भरपूर असतात. चहात तर दूध आणि साखरही असते. आतल्या हिरव्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा असतात. ओल असताना वीज वाहिली की त्या रेघा झिजू लागतात आणि त्यांवर हिरवट थर चढतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे. तसाच हा प्रकार. फक्त येथे वीज मदतीला असल्यामुळे काही दिवसांचे काम काही मिनिटांत होते. म्हणून वीज तोडणे पहिले, पुसणे नंतर.

आता काय करू नये ते ऐका. लॅपटॉप तांदळाच्या डब्यात पुरू नका; तांदूळ आतली ओल ओढून घेत नाही, उलट त्याची पूड फटींत शिरते. कडक उन्हात ठेवू नका. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नका. उष्णतेने पडदा बिघडतो आणि बॅटरीला तर ती फारच वाईट. साध्या पंख्याखाली दोन दिवस राहू द्या. आणि मधूनच "जरा लावून पाहू" हा मोह टाळा. पुष्कळ लॅपटॉप पाण्याने मरत नाहीत, या जरा पाहण्यानेच मरतात.

दूध-साखरेचा चहा असेल तर नुसते वाळवून भागत नाही. वाळल्यावर चिकट थर उरतो, पावसाळी हवेत तो ओल धरतो, आणि आठ दिवस बरे चाललेले यंत्र नवव्या दिवशी बंद पडते. म्हणून ते उघडून स्वच्छ करावे लागते. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर आधी कंपनीच्या केंद्रात विचारा. मात्र साध्या हमीत सांडलवंड बहुधा धरीत नाहीत, हेही लक्षात असू द्या. स्वतः उघडायचे झाल्यास कोणता स्क्रू कोठला, हे कागदावर चित्र काढून टिपून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो बोर्डात घुसतो. आत हात घालण्यापूर्वी जमिनीत गेलेल्या एखाद्या धातूच्या नळाला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मग सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. डाग पडलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध असलेल्या, मऊ ब्रशने हलकेच घासा. हातांना लावायचे सॅनिटायझर चालणार नाही. हे द्रव्य पेट घेते. जवळ दिवा-शेगडी नको आणि खिडकी उघडी हवी.

एवढे करूनही यंत्र चालले नाही तर? येथे खोडदच्या तबकड्यांकडे पाहा. तबकडीने टिपलेला संदेश काचतंतूंतून मधल्या इमारतीत जातो आणि तेथे संगणकापर्यंत पोचतो. अशी लांब साखळी असली की संदेश कोठवर पोचला आणि कोठे अडला, हे क्रमाने पाहावे लागते. लॅपटॉपचेही तसेच आहे.

चार्जर जोडल्यावर दिवा लागतो का? नसेल तर तशाच दुसऱ्या चार्जरने पाहा. त्याचे व्होल्ट तेवढेच असावेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? बॅटरीचा उजेड पडद्यावर तिरपा टाका. पुसट चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. बाहेरचा पडदा जोडून त्यावर चित्र आले, तर मूळ बोर्ड शाबूत. दोष पडद्यात किंवा त्याच्या वायरीत. अक्षरे आपोआप उमटत असतील तर कीबोर्ड गेला. तोवर बाहेरचा जोडून काम चालवता येते.

भाग बदलायचा तर एका वेळी एकच बदला आणि लगेच तपासा. तीन भाग एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. जुन्या भागावरचा क्रमांक लिहून घ्या आणि तोच मागा. नुसते "या कंपनीचा द्या" म्हणून भागत नाही. नवा भाग घालूनही चालत नसेल तर तो वाईट ठरवण्याआधी त्याची चपटी वायर खाचेत सरळ बसली आहे का, तिची खिट्टी लागली आहे का, हे पाहा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

आणि मुलांचे गुण? ते बोर्डात नसतात, डिस्कमध्ये असतात. डिस्क सुटी निघत असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून सारे काढून घेता येते. काही नव्या यंत्रांत ती बोर्डालाच चिकटवलेली असते. काहींत तिला कुलूप असते आणि बोर्ड बदलला की ते किल्लीचा आकडा मागते. तो आकडा आजच वहीत लिहून ठेवा, आणि महत्त्वाच्या कामाची एक प्रत दर शनिवारी दुसरीकडे ठेवा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवतो का?

आपल्या गुरुजींनी त्या रात्री लॅपटॉप उलटा ठेवला, मुलांना बोलावले आणि साऱ्या आकृत्या मोठ्या कागदावर काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी मुलांना प्रयोग तोंडी समजावून सांगावा लागला, आणि त्यांना तो सांगता आला. यंत्र दोन दिवसांनी उघडले जाईल. तोवर त्याला स्वस्थ पडू द्यावे, हेच खरे.