भारी यंत्र आणले की विमानतळ सुरक्षित होतो का?

साकेत नगरातून राजा भोज विमानतळ म्हणजे भोपाळचे दुसरे टोक. तिथवर पोहोचून सुरक्षा तपासणीची रांग दिसली, की दोन सूचना हमखास ऐकू येतात: यंत्रे भारी आणा, नाहीतर तपासणी कडक करा. दोन्हींमागचा गैरसमज एकच: सुरक्षा यंत्रात किंवा जवानाच्या नजरेत असते. एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाची दुर्घटना तो पुरता खोडून काढते. २२ जून १९८५ रोजी व्हँकुव्हरला एका प्रवाशाची बॅग चेक-इन झाली, पण तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग टोरँटोला पोहोचली, तर तिथे ऐनवेळी एक्स-रे यंत्र बंद पडले आणि हातातल्या स्फोटकशोधकावर काम भागवले गेले. दुसऱ्या दिवशी अटलांटिकवर झालेल्या स्फोटात विमानातले सर्व ३२९ जण गेले. यंत्राचा बिघाड खरा, पण ‘प्रवासी नाही तर बॅगही नाही’ हा साधा मेळ घातला असता, तर ती बॅग यंत्राविनाही अडली असती. यंत्र, माणूस, नियम आणि नोंदी एकमेकांच्या चुका झाकतील अशी रचना करणे, हेच प्रणाली अभियांत्रिकीचे काम. भारतात नागरी विमान सुरक्षा ब्युरो १ एप्रिल १९८७ रोजी स्वतंत्र विभाग झाला, तो याच दुर्घटनेनंतर.

यावर आक्षेप येतो: जीव मोलाचा आहे, मग प्रत्येकाला कसून का तपासू नये? हिशेब करून पाहू. एक लाख बॅगांत धोकादायक एकच आहे आणि यंत्र शंभरात एकदा उगाच इशारा देते, असे धरा. मग त्या एका बॅगेसाठी हजारभर निर्दोष बॅगा उघडाव्या लागतील. सतत खोटे इशारे पाहणारी नजर खऱ्या इशाऱ्यालाही सरावते. म्हणूनच युरोपीय नियमांनुसार एका कर्मचाऱ्याने सलग साधारण वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एक्स-रे प्रतिमा पाहायच्या नसतात. शिवाय तुंबलेली गर्दी हाच नवा धोका असतो. २२ मार्च २०१६ रोजी ब्रसेल्स विमानतळावर स्फोट झाले ते प्रस्थान दालनात, तपासणीच्या अलीकडे. रांग लवकर सरकणे ही केवळ सोय नव्हे, सुरक्षेचाच भाग आहे. विमानतळावरच्या ‘डिजियात्रा’ या सुविधेबद्दलही असाच गैरसमज आहे: चेहरा ओळखून ती दारावरचा वेळ वाचवते, बॅगेत काय आहे ते तिला कळत नाही.

प्रवासीही याच रचनेचा भाग आहे. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच ठेवा. एका चुकीपायी ती बॅग बाजूला काढून पुन्हा उघडावी लागते आणि मागच्या सगळ्यांचे काम अडते.