तिकिटावरचे तीन तास

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे सहा जण उमराहला निघालो. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ सकाळी १० आणि जेद्दाहला उतरण्याची दुपारी १ अशी छापलेली. रत्नागिरीहून मुंबई गाठायला सगळी रात्र गेली होती. मामू हसून म्हणाले, "जेद्दाह तर मुंबईपेक्षा जवळ निघालं!"

पुष्कळ घरांत असाच हिशेब होतो. पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणजे प्रवास तीन नव्हे, साडेपाच तासांचा. मुंबई-जेद्दाह हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. ताशी ८५० च्या वेगाने भागले तर चार तास आणि वर थोडी मिनिटे येतात. पण चढण्या-उतरण्याला वेळ लागतो, मार्ग सरळ रेषेत नसतो आणि हिवाळ्यात पश्चिमेचे वारे समोरून येतात. परतताना तेच वारे पाठीशी असल्याने प्रवास बराच लवकर संपतो.

हा हिशेब इबादतीशी कसा जोडलेला आहे, ते आम्हाला विमानात कळले. मामूंनी इहरामच्या चादरी मुंबईतच नेसल्या होत्या, नियत मात्र मीकातजवळ करणार होते. त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा मनगटावर एक वाजलेला. "मीकात मागे पडली! आता दम द्यावा लागणार," म्हणत त्यांचे डोळे भरून आले. भाचीने समोरच्या पडद्यावरचा नकाशा दाखवला. उतरायला अजून अडीच तास होते. मामूंनी तिथेच नियत केली आणि तलबिया सुरू केली.

जेद्दाहला उतरलो तेव्हा त्यांच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. जोहर हातची गेली की काय, ही नवी काळजी! तिथे तर नुकताच एक वाजला होता. जोहर आम्ही निवांत अदा केली.

तेव्हा उमराहला निघणाऱ्या बंधू-भगिनींनी एवढे करावे. इहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. विमान मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर जाते आणि जेद्दाहला उतरण्याआधीच मीकातची हद्द ओलांडते. म्हणून विमानातल्या घोषणेची वाट पाहत झोपू नये, नियत थोडी आधीच करावी. आधी मदीनेला जाणाऱ्यांना मात्र विमानात इहराम लागत नाही. तो मक्केला निघताना जुल-हुलैफा येथे बांधतात. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.

१९९५ पर्यंत आपले वडीलधारे मुंबईहून बोटीने हजला जात. कित्येक दिवसांच्या त्या प्रवासात मनाची तयारी आपोआप होई. आपल्याला साडेपाच तासच मिळतात. ती तयारी घरूनच करून निघू या. अल्लाह सर्वांना ही हाजिरी नसीब करो. आमीन.