विश्लेषण: लाल विंचवाच्या दंशावरचा उपाय खेड्यातल्या दवाखान्यात कसा सापडला?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी हे गाव पाणलोटाच्या कामासाठी देशभर ओळखलं जातं. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभिक प्रकल्पही २०१७ मध्ये याच गावात हाती घेण्यात आला. दिवसा वीज मिळाली, तर मोटार सुरू करायला रात्री-अपरात्री शेतात जावं लागत नाही आणि अंधारात साप-विंचवावर पाय पडण्याची भीती कमी होते.

पण विंचू फक्त शेतात नसतो. दगडांचा ढीग, सरपण, गोवऱ्या, पायातली चप्पल, कुठेही तो दडून बसतो. अशा वेळी जिल्ह्याचं रुग्णालय दूर असेल, तर पहिल्या तासात काय करायचं? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खेड्यातल्या संशोधनातून मिळालं.

लाल विंचू इतका धोकादायक का?

काळ्या मोठ्या विंचवाची भीती जास्त वाटते, पण जीवघेणा ठरतो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंना अतिउत्तेजित करतं. शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. पुढे हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरू लागतं. लहान मुलांना याचा धोका सर्वाधिक असतो.

धोका ओळखायचा कसा?

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचूदंशाचे रुग्ण सतत येत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावर परिणाम होत असल्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी दाखवलं. हे निरीक्षण १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की वेदना जास्त म्हणजे धोका जास्त, असं नाही. नुसतीच तीव्र आग होत असेल, तर बहुतेकदा जीवाला धोका नसतो. ठणका कमी, पण अंगाला घाम आणि हातपाय गार, हे लक्षण जास्त गंभीर असतं.

गोळीच का निवडली?

फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णांसाठी बावस्करांनी आधी नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरलं. पण ते शिरेतून द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत पहारा लागतो. रात्री एकच डॉक्टर असलेल्या केंद्रात हे अवघड होतं.

म्हणून त्यांनी प्राझोसिनकडे मोर्चा वळवला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही स्वस्त गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. म्हणजे विषामुळे सुरू झालेली साखळी ती मध्येच तोडते. तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. बावस्करांच्या नोंदींनुसार, पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

विंचवाच्या विषावर प्रतिविष नाही का?

आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते तयार होतं. दोन्ही उपायांची तुलना महाडमध्येच ७० रुग्णांवर झाली आणि २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांत ही संख्या ८ होती. म्हणजे दोन्ही मिळाली तर उत्तम, पण प्रतिविष हाताशी नाही म्हणून गोळी लांबवू नये.

मग पहिल्या तासात काय करायचं?

- रुग्णाला आडवं झोपवा, धीर द्या. जखम कापू नका, चोखू नका, वर घट्ट दोरी बांधू नका.
- मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. आग आपोआप कमी झाली, तरी विष उतरलं असं समजू नका.
- १०८ वर फोन करा आणि 'विंचू चावला' असं स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा मोफत आहे.
- घाम, उलट्या, गार हातपाय कधी सुरू झाले, ती वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.
- प्राझोसिन स्वतःहून देऊ नका. वजनानुसार मात्रा ठरते आणि रुग्ण उठून बसला, तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

या संशोधनाचा धडा काय?

आपत्कालीन उपचार म्हटलं, की अतिदक्षता विभाग डोळ्यांसमोर येतो. पण लाल विंचवाच्या बाबतीत रुग्णाचं भवितव्य बऱ्याचदा त्याआधीच्या दारात ठरतं. म्हणून 'पुढे हलवा' अशी चिठ्ठी देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने लक्षणं ओळखून पहिली मात्रा देणं महत्त्वाचं. त्यासाठी ती गोळी तिथल्या कपाटात असायला हवी. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या गावाजवळच्या केंद्रात प्राझोसिन आणि प्रतिविष आहे का, हे मात्र ग्रामसभेत आजही विचारता येतं. विंचू चावण्याआधी विचारलेलं बरं.