पांढरीवरची खापरं

प्राचीन वस्ती शोधायची म्हणजे आधी खणायचं, हा समज चुकीचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आलं: घरं, धान्याच्या बळदी, पाण्याचा पाटसुद्धा. पण जुन्या वस्तीच्या अशा टेकाडाची, म्हणजे पांढरीची, पहिली ओळख जमिनीवरच पटते. राखाडी-पांढरी माती आणि काळ्या नक्षीची तांबडी, ‘जोर्वे’ प्रकारची खापरं दिसली, की वस्तीचा काळ साधारण ठरवता येतो. खापरं कुठे दाट, कुठे विरळ याची नोंद चौकटी आखून केली, तर विस्ताराचाही अंदाज येतो.

यावर आक्षेप असा, की शेतकरी पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेत आले, मग खापर सापडलं तिथेच वस्ती होती कशावरून? आक्षेप रास्त आहे. मात्र वाहून आलेली खापरं विरळ आणि झिजलेली असतात, त्यांच्याखाली राखेचा थर नसतो. शेजारच्या ओढ्याची दरड किंवा विहिरीचा काप पाहिला, तर बहुतेकदा निकाल लागतो. उलटी चूक जास्त धोक्याची: पुराच्या गाळाखाली गाडलेली वस्ती वरून दिसतच नाही. म्हणून नकाशावरची कोरी जागा म्हणजे निर्मनुष्य प्रदेश, असं मानू नये.