जन्मताच दर्जा ठरवणारे यंत्र

नांदेड-लातूरकडच्या आपल्या वस्त्यांत पोरे हमरीतुमरीवर येतात : गोकू भारी की वेजिटा? कुणाची ताकद किती हजार? आईबापांना हा पोरखेळ वाटतो. आम्ही मात्र कान देऊन ऐकतो.

'ड्रॅगन बॉल झेड' ही अकिरा तोरियामांच्या चित्रकथेवरची जपानी कार्टून मालिका, १९८९ ची. तीत सायियन नावाची लढवय्यी जमात मूल जन्मताच त्याची ताकद मोजते अन् दर्जा ठरवून टाकते. गोकू ठरला खालच्या दर्जाचा, म्हणून त्याला दुबळ्यांच्या ग्रहावर, पृथ्वीवर धाडले. राजपुत्र वेजिटा त्याला त्यावरूनच हिणवतो. गोकू म्हणतो, मेहनत केली तर खालचाही वरच्याला मागे टाकील.

ही उतरंड आपल्या घरात कुणाला समजावून सांगावी लागेल काय? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जिची चिरफाड केली, तीच ही. सायियनांकडे निदान मोजायचे यंत्र तरी होते, मनूकडे तेही नव्हते!

डोळ्यावर लावायचे ते यंत्र म्हणजे स्काउटर. समोरच्याने ताकद दडवली की ते फसते. गोकूचा आकडा पाहून संतापलेला वेजिटा ते हातानेच चिरडतो. मूळ जपानीत तो आकडा ८००० च्या वर होता, इंग्रजीत ९००० झाला. पोरांनी त्यावर खुशाल भांडावे.